नऊ बोटांचा नियम

इर्महिल्ड ब्राकमान ही जर्मनीतल्या लेम्गोतली सगळ्यांत जलद टाइप करणारी बाई होती, आणि तिच्या डाव्या हाताची करंगळी वाकत नव्हती. यातली पहिली गोष्ट सगळ्या गावाला ठाऊक होती. लघुलेखक मंडळाच्या जिल्हा स्पर्धेत ती सलग सात वर्षं पहिली आली होती, आणि दर वर्षी एक पितळी कप आणि एक हातभर लांब सॉसेज घेऊन घरी गेली होती. दुसरी गोष्ट तिने एक्केचाळीस वर्षं कुणाला कळू दिली नव्हती. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे तिला कुणी शिकवावं लागलं नाही.

महायुद्धानंतर, सत्तेचाळीसच्या उपासमारीच्या हिवाळ्यात, नऊ वर्षांची असताना, ती आईबरोबर खेड्यांत बटाटे मागायला गेली होती. खिडकीचे पडदे देऊन अर्धं पोतं बटाटे मिळाले. परतताना मालगाडीच्या डब्याचं दार कुणीतरी घाईने ओढलं आणि पोरीचं बोट त्यात सापडलं. आईने एका हाताने रुमाल बांधला आणि दुसऱ्या हाताने पोतं धरून ठेवलं. त्या हिवाळ्यात तेच शहाणपण होतं. बोट वाचलं, पण मधला सांधा पेन्सिलीसारखा ताठ राहिला.

सतराव्या वर्षी ती व्यापारी शाळेत टायपिंग शिकायला गेली. तिथले मास्तर पहिल्याच दिवशी म्हणाले, "टायपिंगला दहा बोटं लागतात. ज्या मुलीची दहाच्या दहा धड नसतील तिने आत्ताच शिवणाच्या वर्गात जावं." इर्महिल्डने हात मांडीवर ठेवला आणि ती जागची हलली नाही. घरात पुरुष माणूस नव्हता, शिवणकामावर दोघींचं पोट भरत नव्हतं, आणि कचेरीतली नोकरी म्हणजे शेगडीजवळची नोकरी होती.

तिला वाचवलं ते झाकणाने. मुलींनी बटणांकडे बघू नये म्हणून टाइपरायटरवर एक लाकडी झाकण ठेवत, हात त्याच्या आत. मुलीला बटणं दिसत नसत आणि मास्तरांना बोटं दिसत नसत. कागद बाहेर आला की ते चुका मोजायचे, बस्स. आमच्याकडे शिस्त इतकी की तिच्या आडोशाला वाटेल ते लपतं. झाकणाखाली इर्महिल्डने स्वतःची पद्धत बसवली. करंगळीची अक्षरं शेजारच्या बोटाला दिली. मोठ्या अक्षराची पंचाईत जास्त होती. जर्मनमध्ये प्रत्येक नाम मोठ्या अक्षराने सुरू होतं, म्हणजे ओळीत चार-पाचदा शिफ्टचं बटण दाबायचं. शिफ्ट दोन असतात, दोन्हीकडच्या करंगळ्यांना एक एक. तिने डाव्या शिफ्टचं नावच टाकलं. उजव्या करंगळीने उजवी शिफ्ट दाबून धरायची आणि त्याच हाताच्या उरलेल्या बोटांनी अक्षर मारायचं, पंजाचा खेकडा करून. पहिलं वर्षभर हात रात्री ठणकायचा. मग अंगवळणी पडलं. प्रमाणपत्रावर शिक्का बसला: दहा बोटांची पद्धत, उत्तम.

त्या प्रमाणपत्रावर तिला हेलकाम्प कारखान्यात नोकरी लागली आणि पुढची तीस वर्षं तिने त्या टायपिंग हॉलमध्ये काढली. लग्न केलं नाही. आई गेली. हॉलमध्ये बासष्ट बायका होत्या, आणि तिच्या डाव्या अंगाला सोळा वर्षं गेझिने लोहमायर बसायची. गेझिने दोन वर्षांनी मोठी, विधवा, आवाज असा की टेलिफोनशिवाय बीलेफेल्डपर्यंत जावा. पहिली अकरा वर्षं दोघी एकमेकींना 'लोहमायरबाई', 'ब्राकमानबाई' म्हणत राहिल्या. आमच्याकडे घाई नसते. मग एका शुक्रवारी, खुंट्या पाडायच्या बोलिंगच्या खेळानंतर, गेझिनेने ग्लास पुढे केला आणि म्हणाली, "आता पुरे ते अहो-जाहो. मी मोठी आहे, तेव्हा मीच म्हणते. मी गेझिने." 'तू' म्हणायला सांगायचा हा मान मोठीचाच असतो, आणि एकदा दिलेलं 'तू' कुणी परत घेत नाही. इर्महिल्डला आयुष्यात याहून जवळचं कुणी मिळालं नाही.

पंच्याऐंशी साली कारखाना टाइपरायटर सोडून पडद्याची लेखनयंत्रं बनवायला लागला. त्यात मजकूर कापता यायचा, त्याची नक्कल करता यायची, दुसरीकडे नेऊन ठेवता यायचा, आणि चूक मागे घेता यायची. पण प्रत्येक कारखान्याच्या यंत्राची बटणं निराळी. टायपिस्ट नोकरी बदलायची ती जणू सासर बदलल्यासारखी, पहिल्या दिवसापासून सगळं नवं. म्हणून तीन कारखान्यांनी मिळून समिती नेमली: सगळ्या यंत्रांना एकच शॉर्टकट, कायमचे. हेतू चांगला होता, हे मान्य करायला हवं. काम आलं डॉक्टर आर्नुल्फ टॉयबर यांच्याकडे.

टॉयबरसाहेब हे डॉक्टर म्हणजे औषधाचे नव्हेत, मोजमापाचे. त्यांचं एक आवडतं वाक्य होतं आणि ते ऐकवल्याशिवाय ते कुणाला सोडत नसत. "मी माणसांना विचारत नाही. माणसं आपल्याला आवडेल ते सांगतात. मी मोजतो." त्यांनी हॉलमधून सहा बायका चाचणीसाठी मागितल्या. इर्महिल्डचं नाव पहिलं होतं.

चाचणीची खोली अंगणाच्या बाजूला होती, मोठी खिडकी, एकटं टेबल. यंत्रात एक उपकरण बसवलं होतं. कुठलं बटण, किती वेळा, सेकंदाच्या कितव्या भागात दाबलं, ते सगळं ते टिपायचं. कुठल्या बोटाने दाबलं ते मात्र टिपायचं नाही. इर्महिल्डला हे कळलं तेव्हा तिचा जीव भांड्यात पडला. हे आणखी एक झाकणच होतं.

शॉर्टकटसाठी एक नवं बटण होतं, आज्ञेचं. ते दाबून धरून सोबत एक अक्षर मारायचं. अक्षरं ठरलेली होती, प्रत्येक कामाच्या जर्मन नावाचं पहिलं अक्षर: काढायला एल, नक्कल करायला के, आणून ठेवायला एच, मागे घ्यायला झेड. आमच्या कीबोर्डवर ही चारही उजव्या हाताखाली येतात. प्रश्न उरला होता आज्ञेच्या बटणाचा. ते डाव्या कोपऱ्यात ठेवायचं की उजव्या?

पाच बायकांना डावा कोपरा सोपा गेला. एका हाताने धरायचं, दुसऱ्याने अक्षर मारायचं, शिफ्टसारखं. इर्महिल्ड डावा कोपरा लागला की अडखळायची, पूर्ण हात उचलून न्यायची. उजवा कोपरा लागला की मात्र तिचा खेकडा आपोआप व्हायचा आणि आकडे असे यायचे की टॉयबरसाहेब कागद दोनदा तपासायचे. अकराव्या दिवशी ते कागदांची चळत घेऊन तिच्या टेबलापाशी आले.

"ब्राकमानबाई, मला एक सांगा. अकरा दिवसांत तुम्ही डावी शिफ्ट किती वेळा दाबली असेल?"

"मोजलं नाही, साहेब."

"मी मोजलं. शून्य वेळा." त्यांचे डोळे लकाकत होते. "इतर पाचजणी सारख्या तिकडे धावतात. तुम्ही एकदाही नाही. का बरं?"

इर्महिल्डने डावा हात मसुद्याच्या कागदावर ठेवला होता, करंगळी कागदाखाली. खरं सांगायला हाच क्षण होता, आणि ते तिला कळत होतं. पण खरं सांगायचं म्हणजे प्रमाणपत्र खोटं, सात कप खोटे, तीस वर्षं खोटी. ती सत्तेचाळीस वर्षांची होती.

"उजवीकडून पटकन होतं," ती म्हणाली. "आणि डावा हात कागदासाठी मोकळा राहतो."

"डावा हात कागदासाठी मोकळा," टॉयबरसाहेबांनी सावकाश लिहून घेतलं. "हे बघा, जे विजेत्याला जमतं ते उद्या सगळ्यांना जमेल. बाकीच्या अजून शिकतायत, एवढंच."

त्या पाचजणींचे आकडे 'सरावाच्या अभावामुळे' बाजूला पडले. इतका शहाणा माणूस, पण सरासरी बाई सोडून विजेती मोजली, आणि विजेतीची बोटं मोजली नाहीत. आम्हा लोकांना अव्वल क्रमांकाचं जे वेड आहे त्याची ही फळं. पुढच्या वसंतात तिन्ही कारखान्यांनी सह्या केल्या. आज्ञेचं बटण उजव्या कोपऱ्यात, फक्त उजव्या कोपऱ्यात. नियमाला क्रमांक मिळाला. इर्महिल्डला ती खिडकीची खोली कायमची मिळाली आणि नमुना-टायपिस्ट असं पदही. माहितीपत्रकावर तिच्या हातांचा फोटो छापला. उजवा हात कीबोर्डवर, डावा कागदावर, खाली ओळ: एक हात मोकळा.

पहिल्या वर्षी बायकांनी कुरकुर केली. दुसऱ्या वर्षी हॉलमध्ये मलमाचा वास यायला लागला. दिवसातून चारशे वेळा मनगट बाहेर वळवून करंगळी कोपऱ्यात ताणायची, आणि त्याच हाताने झेड गाठायचं. सवय नसलेला हात किती दिवस सोसणार? इर्महिल्ड दुपारी कँटीनमध्ये जायची तेव्हा टेबलांवर बांधलेली मनगटं दिसायची. एकीला सुरी धरता येत नव्हती, शेजारीण तिचं मांस कापून देत होती. तिला बघून बायका म्हणायच्या, "आल्या एक हात मोकळावाल्या." थट्टाच होती. ती ताट तसंच ठेवून उठायची.

गेझिनेचं मनगट सगळ्यांत वाईट होतं. स्नायूच्या आवरणाला सूज, डॉक्टर म्हणाले. प्लास्टर घातलं, काढलं, पुन्हा घातलं.

"गंमत बघ," गेझिने एकदा म्हणाली, "नवऱ्याने तेवीस वर्षांत हात उगारला नाही, आणि या एका बटणाने हात मोडला."

"बसतेस कशी ते बदलून बघ," इर्महिल्ड म्हणाली, आणि म्हणताच तिला स्वतःची किळस आली.

अठ्ठ्याऐंशीच्या मार्चमध्ये प्रकरण कामगार समितीपुढे गेलं. गेझिनेचं म्हणणं साधं होतं: हात कामाने गेला हे कारखान्याने मान्य करावं. मान्य झालं तर तिचा दर्जा टिकणार होता आणि हलकं काम मिळणार होतं. नाही झालं तर टेलिफोनच्या खोलीत, पगाराच्या दोन पायऱ्या खाली. समितीचे प्रमुख कोर्डेस, जाडजूड, भला माणूस, मूळचा फाउंड्रीतला. कारखान्याच्या डॉक्टरीणबाई होत्या, टॉयबरसाहेब होते. आणि टॉयबरसाहेबांनी एकच साक्षीदार बोलावला होता.

"हाच कीबोर्ड, हेच काम, दोन वर्षं," ते म्हणाले. "ब्राकमानबाई इतर कुणाहीपेक्षा दीडपट टाइप करतात. दोष कीबोर्डचा असता तर पहिला हात यांचा गेला असता. बघा तपासून."

तिने सगळ्यांसमोर दहा मिनिटं टाइप केलं. डॉक्टरीणबाईंनी तिचं उजवं मनगट दाबून, वळवून पाहिलं आणि विचारलं, "इथे दुखतं?"

"नाही."

"संध्याकाळी? सकाळी उठल्यावर?"

"नाही."

कोर्डेस पुढे वाकले. "ब्राकमानबाई, आणखी काही सांगायचंय तुम्हाला? सांगा मोकळेपणाने."

समोर गेझिने बसली होती, प्लास्टरचा हात टेबलावर. ती इर्महिल्डकडे बघत होती. रागाने नाही, विनवणीने नाही, नुसती बघत होती. इकडे आड आणि तिकडे विहीर. इर्महिल्डच्या तोंडात शब्द आले होते, लाळेसारखे आले होते, आणि तिने ते गिळले.

"नाही," ती तिसऱ्यांदा म्हणाली.

एकही शब्द खोटा नव्हता. दुखत नव्हतंच. आठवड्याभराने गेझिनेची रवानगी टेलिफोनच्या खोलीत झाली.

रविवारी इर्महिल्ड तिच्या घरी गेली. गेझिने स्वयंपाकघरात डाव्या हाताने बटाटा सोलायची खटपट करत होती, साल जाड निघत होतं. इर्महिल्डने कोट काढला नाही. उभ्या उभ्याच डावा हात पुढे करून तिने सगळं सांगितलं: मालगाडी, मास्तर, झाकण, शून्य.

गेझिनेने बटाटा खाली ठेवला. "झालं सांगून?"

"झालं."

"मला माहीत होतं."

"कधीपासून?"

"सोळा वर्षं तुझ्या डाव्या अंगाला बसले. मला काय डोळे नाहीत? पहिल्याच हिवाळ्यात कळलं. म्हटलं, लपवते आहे बिचारी, लपवू दे. कुणाचं काय जातंय." तिचा तो मोठा आवाज पार खाली गेला होता. "मग हा कीबोर्ड आला आणि मी ओळखलं कुणाच्या हाताच्या मापाचा आहे ते. तरी गप्प बसले."

"पण समितीपुढे तरी तू बोलायचंस."

"बोट तुझं. सांगायचं तू. मी तिथे बसून वाट बघत होते. कोर्डेसनी विचारलंसुद्धा, आणखी काही सांगायचंय का. माझ्या मनात आलं, आता सांगेल. माझ्यासाठी तरी सांगेल."

इर्महिल्ड रडायला लागली. गेझिनेने तिला रडू दिलं. मग उठून डाव्या हाताने कॉफीची किटली उचलली आणि कप भरला.

"कॉफी घ्या, ब्राकमानबाई," ती म्हणाली. "थंडीच्या आल्यात."

आमच्या गावात नवरा-बायको वेगळे होतात, भाऊ भावावर खटला भरतात. पण दिलेलं 'तू' कुणी परत घेतल्याचं ऐकिवात नव्हतं. इर्महिल्डने ती कॉफी संपवली, कारण न पिणं आणखी वाईट दिसलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता ती टॉयबरसाहेबांच्या दारात उभी होती. त्यांनी ऐकून घेतलं. तिच्या करंगळीकडे बघितलं, मग उठून त्यांनी दार लावलं.

"म्हणजे ते शून्य," ते म्हणाले.

"हो."

"मी तुम्हाला विचारलं होतं. आयुष्यात एकदाच मी माणसाला विचारलं."

"मी कामगार समितीला लिहिते, साहेब. सगळं माझ्या नावाने लिहिते."

"लिहा ना." ते थकल्यासारखे खुर्चीत बसले. "ते आधी तुमचं प्रमाणपत्र मागवतील. मग माझा अहवाल. मग कुणीतरी विचारेल, नऊ बोटांची बाई सात वर्षं पहिली येते, मग बाकीच्यांना दहा असून काय धाड भरली? याला उत्तर आहे तुमच्याकडे? साचे तयार आहेत, तीन कारखाने चालू आहेत. नियमाची फेरतपासणी पाच वर्षांनी असते. एक्याण्णवला. तोवर कुणीही काही बदलू शकत नाही, मीसुद्धा."

टायपिस्टने चुकीचं अक्षर मारलं तर ते मागे घ्यायला टॉयबरसाहेबांनी अर्ध्या सेकंदाचा शॉर्टकट दिला होता. स्वतःच्या चुकीला त्यांनी पाच वर्षांची मुदत ठेवली होती. इर्महिल्ड खिडकीच्या खोलीत परत गेली आणि कामाला लागली. दुसरं काय करणार? बटण चुकीच्या जागी बसलेलं असूनही तिची बोटं सुखात होती, आणि तेच तिला सहन होत नव्हतं. शुक्रवारचं बोलिंग तिने सोडलं. स्पर्धेला नाव देणं सोडलं, तेव्हा मंडळाचे अध्यक्ष घरी येऊन म्हणाले, "आता तरुण मुलींना संधी द्यायची म्हणता? थोर मन आहे तुमचं."

मग बर्लिनची भिंत पडली. पूर्वेकडच्या कचेऱ्यांना रातोरात यंत्रं हवी झाली आणि हेलकाम्पचे ट्रक आठवड्याला तीनदा तिकडे निघू लागले. यंत्रांबरोबर शिकवणारी बाई पाठवायची, ती अर्थात नमुना-टायपिस्ट. नव्वदच्या शरदात इर्महिल्ड माग्देबुर्कला गेली. चाळीस तरुण बायका वह्या घेऊन बसल्या होत्या. तिने त्यांना उजव्या पंजाचा खेकडा करून दाखवला. दोन आठवडे रोज दाखवला.

तिसऱ्या दिवशी पुढच्या रांगेतली एक मुलगी मनगट चोळत म्हणाली, "बाई, हे बटण डावीकडे असतं तर सोपं नसतं का?"

"असतं," इर्महिल्ड म्हणाली.

"मग?"

"नियम आहे."

मुलगी हसली. "तुमच्या पश्चिमेतही का? आम्हाला वाटलं, असलं उत्तर फक्त आमच्याकडे होतं."

एक्याण्णवच्या सप्टेंबरात फेरतपासणी आली. तीन वर्षं इर्महिल्डने या दिवसाचे महिने मोजले होते. कामगार समितीने ठरवलं होतं की कारखान्याने निर्णय कळवण्याआधी ज्यांचे हात कामाला लागतात त्यांचं मत घ्यावं. सगळ्यांना कँटीनमध्ये बोलावलं, पूर्वी टायपिंग करून दुसरीकडे गेलेल्यांनाही. कोर्डेस फळ्यापाशी, टॉयबरसाहेब त्यांच्या शेजारी, डोक्यावरचे केस आता बरेचसे गेलेले. टेबलावर दोन कीबोर्ड ठेवले होते. एक चालू, दुसऱ्यात आज्ञेचं बटण डाव्या कोपऱ्यात. गेझिने टेलिफोनच्या खोलीतून आली आणि दाराजवळ बसली.

इर्महिल्डने बोलायची परवानगी मागितली. तिने हात वर करून बोट दाखवलं आणि सगळं सांगितलं, समितीपुढे गिळलेलंसुद्धा. शेवटी म्हणाली, "हा कीबोर्ड माझ्या एकटीच्या हाताचा आहे. तुमच्यापैकी कुणाचाच नाही. लोहमायरबाईंचा हात माझ्या गप्प बसण्याने गेला. आज तो बदलता येतो. बदला."

मागे कुणीतरी खुदकन हसलं आणि गप्प झालं. तिला वाटलं होतं बायका चिडतील, शिव्या देतील, आणि त्यासाठी ती तयार होती. पण तशी कुणी चिडलीच नाही.

मधल्या रांगेतली एक बाई म्हणाली, "बोट कुणाचं का असेना. मला हे शिकायला आठ महिने लागले. रडत शिकले. आता हात न बघता जातो."

"माझाही," दुसरी म्हणाली. "परवा घरी मुलीच्या यंत्रावर बसले, त्याचं बटण डावीकडे. एक ओळ धड लिहिता येईना."

"दुखायचं ते दुखून गेलं," तिसरी म्हणाली. "ज्यांना झेपलं नाही त्या गेल्या. आता पुन्हा पहिल्यापासून? मला सहा वर्षं राहिलीत निवृत्तीला."

"आणि पूर्वेकडे पाठवलेली सगळी यंत्रं?" आणखी कुणीतरी म्हणालं. "त्यांनी काय करायचं?"

बदल मागायला यावेळी टॉयबरसाहेब स्वतः उभे होते, आणि त्यांनीच मोजून आणलेले आकडे कुणी विचारत नव्हतं.

"बरं, मत घेऊ," कोर्डेस म्हणाले. "बदल हवा असेल त्यांनी हात वर करा."

इर्महिल्डने हात वर केला. आजूबाजूला बघितलं नाही. तिला एकच हात बघायचा होता, दाराजवळचा. तो वर झाला असता तर बाकीच्या साठजणींचं तिला काही वाटलं नसतं. गेझिनेचे दोन्ही हात मांडीवर होते, उजवा डाव्यात धरलेला.

"लोहमायरबाई?" कोर्डेसनीच न राहवून विचारलं. "तुमचा तर हात गेला यात. तुमचंही मत नाही?"

"माझा गेला तो गेला," गेझिने म्हणाली. तिचा आवाज पूर्वीसारखाच मोठा होता, शेवटच्या रांगेपर्यंत गेला. "ब्राकमानबाईंना बोलायचं होतं तेव्हा त्या बोलल्या नाहीत. आज त्यांना हलकं वाटावं म्हणून या बायकांनी पुन्हा आठ महिने रडायचं का? मला नाही पटत."

कोर्डेसनी मान हलवली, पेन्सिलीने रांगा मोजल्या आणि फळ्यावर लिहिलं: बाजूने एक. मग मागे वळून बघितलं तर तो हात अजून तसाच होता.

"झालं मोजून, ब्राकमानबाई," ते हळू आवाजात म्हणाले. "घ्या आता खाली."